उत्तरेची लाल मेणबत्ती

१

डिगरी नान्स रोज भल्या सकाळी दुधाची बाटली घेऊन आत्याच्या घरी मागच्या दारानं शिरायचा. त्या गुरुवारी तो शिरला आणि उलट्या पावली पळत बाहेर आला. बाटली आत फुटली, दूध फरशीभर झालं. आणि ज्या माणसाचं नाव घेतानाही डिगरी एरवी तोंड वाकडं करायचा, त्या पेरन स्कूजला तो अंगणातल्या कठड्याला धरून फोन लावत होता.

आत आत्याच्या, लव्हडे नान्सच्या, पलंगाभोवती कुणीतरी जाड्या मिठाचं रिंगण घातलं होतं. रिंगणावर चार दिशांना चार मेणबत्त्या जळून अर्ध्या झाल्या होत्या. पूर्वेला पिवळी, पश्चिमेला निळी. इथवर ठीक. पण उत्तरेला हवी होती हिरवी आणि होती लाल, दक्षिणेला हवी होती लाल आणि होती हिरवी. डिगरी चॅपलात प्रार्थनेला जाणारा, या भानगडींपासून चार हात लांब राहणारा माणूस. पण लहानपणी याच घरात खेळला होता. पूर्वेचा वारा, दक्षिणेची आग, पश्चिमेचं पाणी, उत्तरेची माती हे त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं. आत्यानं पेनवॅरो गावात चार दिशांची पूजा करणारं हे मंडळ काढल्याला पन्नासएक वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात उत्तरेला आग कुणी ठेवली नव्हती.

रिंगणाच्या मधोमध आत्या डोळे मिटून पडली होती. मार्चमध्ये तिला झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, डावा हात तेवढा हलायचा. आता फार दिवस नाहीत, ज्यांना भेटायचं त्यांनी भेटून घ्यावं, असं डॉक्टर त्याच आठवड्यात सांगून गेला होता. तिच्या देखभालीला राहणारी केरेन्सा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत झोपली होती. बाटली फुटल्यावर दचकून उठली. आपण काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही, म्हणाली. मागच्या दाराला कडी नव्हती. त्या घराला कधीच नव्हती.

पेरन आला तो एप्रनसकट. गावातल्या पबात तो आचारी होता, मंडळात दक्षिणेला उभा राहायचा, आणि लव्हडे आजारी पडल्यापासून मंडळाचा सगळा कारभार त्याच्याकडे आला होता. तो त्याला जरा जास्तच मानवला होता. गुडघे टेकून त्यानं मीठ न्याहाळलं. मीठ सोडणारा हात कुठून कुठं गेला ते मिठाच्या शेपट्यांवरून स्पष्ट दिसत होतं. घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

"हे अडाण्याचं काम नाही, डिगरी," तो उठत म्हणाला. "ज्याला काहीच येत नाही तो चारी दिशा चुकवील. यानं पूर्व-पश्चिम बरोबर ठेवल्या आणि नेमक्या उत्तर-दक्षिण फिरवल्या. वर उलटा फेरा. हा शाप आहे, आणि आपल्यातल्याच माणसाचा आहे."

मग त्यानं दक्षिणेची हिरवी मेणबत्ती उचलली. तिच्याखाली एक दगड होता. गर्द हिरवा, गुळगुळीत, तळहातात मावेल एवढा, एका टोकाला दोरा ओवायला भोक पाडलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हिरवा दगड कातून असल्या वस्तू करणारं घर पेनवॅरोत एकच होतं.

२

हेस्टर अँगोव्ह शेजारच्या अर्सुला किट्टोकडे आली, खुर्चीत बसली आणि समोरच्या केशरी पावाला तिनं हातही लावला नाही. अर्सुला तिथंच समजली, काहीतरी भयंकर झालंय. एरवी हेस्टर दोन पाव खायची आणि दोन्ही कोरडे आहेत म्हणून सांगायची.

अर्सुला पोलिसातून सार्जंट म्हणून निवृत्त झाली होती. मंडळातल्या मंत्रातंत्रावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण उन्हाळी सणाला त्यांच्या शेतातल्या जेवणाला मात्र ती न चुकता हजर असायची. तिनं चहा ओतला आणि हेस्टरला बोलू दिलं.

हेस्टर तीस वर्षं मंडळात उत्तरेला उभी राहत आली होती. पेरनशी तिचं पटत नव्हतं हे जगजाहीर होतं. तिचे गुडघे गेलेत तर तिनं आता बसून घ्यावं आणि उत्तर दुसऱ्या कुणाला द्यावी, असं तो फेब्रुवारीच्या बैठकीत म्हणाला, आणि त्यावर ती त्याच्या सुपाबद्दल चारचौघांत खरं ते बोलली. आता त्याच्या हातात तो दगड आला होता. हेस्टरच्या नवऱ्यानं जन्मभर इथल्याच किनाऱ्यावर, लिझर्डच्या टोकाला, सापडणारा हिरवा दगड कातून दिवे आणि पेले केले होते. पेरननं दोन आणि दोन चार केले आणि डिगरीला सांगून टाकलं. शनिवारी मंडळ बसणार, हेस्टरला काढून टाकणार. त्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण डिगरीनं तिला दारातूनच परतवलं होतं. आत्याच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही, म्हणाला होता.

"ती मरेल, अर्सुला," हेस्टर म्हणाली, "आणि मी तिथं नसेन. मला तिचे आभार मानायचे राहिलेत."

"कसले आभार?"

तेव्हा हेस्टरनं ते सांगितलं. तिला एक धाकटी बहीण होती, टॅमसिन. लग्नाआधी दिवस राहिले म्हणून बापानं तिला भर पावसात घराबाहेर काढलं. ती लव्हडेकडे गेली, वर्षभर त्या घरात राहिली, लव्हडेजवळ दिशा बोलवायला, म्हणजे रिंगण घालून चारी दिशांना हाक द्यायला, शिकली आणि मग बाळाला घेऊन समुद्रापार कुठंतरी निघून गेली. कुठं, ते लव्हडेनं कधी सांगितलं नाही. सुखरूप आहे, एवढंच म्हणायची आणि विषय बंद करायची. चाळीस वर्षं हेस्टरनं तोंड उघडलं की लव्हडे तिच्या हातात बटाटे सोलायला द्यायची.

अर्सुलाला बटाट्यांचं ठाऊक होतं. तिचा नवरा गेला तेव्हा लव्हडे महिनाभर रोज येऊन तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसायची. सांत्वनाचा एक शब्द नाही की उपदेश नाही. त्या बटाट्यांवर अर्सुला तगली होती आणि तिनंही कधी लव्हडेला तसं सांगितलं नव्हतं.

"पाव खा," ती म्हणाली. "कोरडा आहे, पण खा. मी उद्या जाऊन बघते."

३

शुक्रवारी सकाळी डिगरीनं अर्सुलाला आत घेतलं, कारण सार्जंटला नाही म्हणायची गावात कुणाला सवयच नव्हती. तो खरोखर घाबरलेला होता. हे घर पुढं त्यालाच मिळणार हे गावाला माहीत होतं, पण आत्याचं घर आत्याशिवाय नकोय मला, असं तो दोनदा म्हणाला आणि दुसऱ्यांदा त्याचा आवाज फुटला. अर्सुलानं त्याला मनातल्या मनात यादीतून काढून टाकलं.

केरेन्साबद्दल त्याला विचारलं तर म्हणाला, पोरगी लाखात एक, आत्याला फुलासारखी जपते. "बोलते जरा वेगळंच. लंडनच्या संस्थेनं पाठवली ना. पण मला तर आपल्या वेशीवरची टेमर नदी ओलांडली की सगळे परदेशीच वाटतात." अर्सुला हसली. तिलाही तसंच वाटायचं.

लव्हडेच्या खोलीतलं मीठ झाडून टाकलं होतं. लव्हडे उशांना टेकून बसली होती. गाल जरा भरल्यासारखे दिसत होते. गुरुवारी सकाळी तिनं पॉरिजचा दुसरा वाडगा खुणेनं मागून घेतला, असं केरेन्सानं सांगितलं. शाप लागलेली बाई दुसरा वाडगा मागते, हे अर्सुलाला काही पटेना.

हेस्टरवर आळ आलाय हे म्हातारीच्या कानावर घालायचं नाही, यावर डॉक्टर आणि डिगरी दोघांचं एकमत होतं. तेव्हा अर्सुलानं तिचा डावा हात हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "त्या सकाळी इथं कोण होतं, लव्हडे?" लव्हडेनं हात सोडवून घेतला, एक बोट ओठांवर ठेवलं आणि चक्क हसली. अर्सुलाला हा चेहरा नोकरीतला ओळखीचा होता. ठाऊक आहे, पण सांगणार नाही. तेवढ्यात दार वाजलं आणि लव्हडेनं मान वळवून आशेनं पाहिलं. डिगरी होता. तिचे डोळे पुन्हा खिडकीकडे गेले. रोज येणारी हेस्टर कालपासून आली नव्हती; लव्हडे कुणाची वाट बघत होती हे सांगायला सार्जंट लागत नव्हता.

स्वयंपाकघरात केरेन्सा टोमॅटोच्या कुंड्यांना पाणी घालत होती. लव्हडेचे टोमॅटो गावात नावाजलेले. यंदाची रोपं मात्र उंच, फिकी आणि काडीसारखी झाली होती. दक्षिणेच्या खिडकीत कुंड्यांच्या बुडाचे डाग होते आणि कुंड्या होत्या समोरच्या, उत्तरेच्या खिडकीत. "इतकी जपते, चांगल्या जागी ठेवलीत, तरी धरत नाहीत," ती म्हणाली. चाळिशीची, रुंद खांद्यांची, कामाला वाघ अशी बाई होती ती.

अर्सुलानं पिशवीतून ब्लॅकबेरीची जेली काढून टेबलावर ठेवली. गेल्या सप्टेंबरातली होती. केरेन्साचा चेहरा उजळला. आपण आणि आई ईस्टरच्या आधी डबे घेऊन काट्यांत शिरायचो, म्हणाली, हात जांभळे व्हायचे आणि आई रागवायची नाही. मागच्या वर्षी आई गेली. हे सांगताना तिनं पाठ फिरवली आणि अर्सुलानं पुढं विचारलं नाही.

"हेस्टर अँगोव्ह तुला कशी वाटली?" अर्सुलानं जाता जाता विचारलं. "रोज यायची ना इथं?"

"तुमची मैत्रीण असेल," केरेन्सा म्हणाली. "मला तिच्याबद्दल काही बोलायचं नाही."

चाळीस वर्षं पेनवॅरोत राहिलेल्या अर्सुलानं कुणी हेस्टरबद्दल बोलायचं टाळलेलं कधी ऐकलं नव्हतं. लोक तिला शिव्या घालायचे नाहीतर तिच्या नकला करायचे. ही बाई इथं येऊन तीन महिने झाले होते आणि तिचा आवाज बर्फासारखा थंड होता.

४

पेरन पबाच्या मागच्या खोलीत मांसाच्या करंज्या वळत होता. दगड त्यानं जॅमच्या बरणीत मीठ भरून त्यात पुरून ठेवला होता. त्यातला शाप सुटला तर काय, अशी त्याला भीती. अर्सुलानं बरणी काखेत मारली आणि एक गरम करंजीही घेतली.

हेस्टर गेली तर त्याला वाईट वाटेल का, असं तिनं विचारलं. वाईट वाटेल, तो म्हणाला, पण झोप लागेल. एवढा प्रामाणिक माणूस मिठाची रिंगणं घालून दुसऱ्यावर आळ घेत बसणार नाही, असं अर्सुलाला वाटलं. आगाऊ होता, पण आतल्या गाठीचा नव्हता.

"मला एक सांग," ती म्हणाली. "आग दक्षिणेलाच का?"

पेरनला असले प्रश्न आवडायचे. त्यानं हात पुसले. "दुपारचा सूर्य कुठं असतो? दक्षिणेला. तिथून ऊब येते म्हणून आग तिथं. उत्तरेला ऊन पोचत नाही, तिथं अंधार, गारवा, माती. पूर्वेला तो उगवतो, पश्चिमेला समुद्रात बुडतो. आपण फेरा घालतो तोही त्याच्यामागून, तो जातो तसा. डोकं लावून बसवलेलं आहे सगळं, सार्जंट. लव्हडे म्हणायची, काही विसरलात तर वर बघा."

"आणि तिनं कधी कुणाला उलटं शिकवलं?"

"छट. तिनं शिकवलेले सगळे इथंच आहेत आणि सगळे माझ्यासारखंच करतात. एक सोडून. ती कोण ती, हेस्टरची बहीण. ती तर मी यायच्या कितीतरी आधी गेली."

अर्सुलानं करंजी संपवली. ती घरी न जाता थेट हेस्टरच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिनं बरणीतला दगड तिच्या हातावर ठेवला. हेस्टरनं तो उजेडात धरला, अंगठ्यानं चोळला, मग नवऱ्याची घडीची सुरी काढली आणि तिचं टोक जोर लावून दगडावर ओढलं. पुन्हा ओढलं. दगडावर चरा उमटला नाही. सुरीचं टोक मात्र बोथट झालं.

"हा आमचा दगड नाही," हेस्टर सावकाश म्हणाली. "आमचा मऊ. लगेच ओरखडतो, म्हणून तर लेथवर कातता येतो. हा या देशातला दगडच नाही, अर्सुला. कुठून आला हा?"

५

शनिवारी सकाळी अर्सुला नाश्त्याला बसली. टोस्टवर लोणी, लोण्यावर जेली. चष्मा कपाळावर, मन दगडात. मंडळ संध्याकाळी बसणार होतं आणि तिच्या हातात होता फक्त एक परका दगड. त्यानं हेस्टर सुटली असं अर्सुला म्हणेल. पेरन म्हणेल, विकत आणला असेल.

तिनं घास घेतला आणि जेलीच्या बिया दाताखाली आल्या. सप्टेंबरात किती काटे लागले होते ही फळं काढताना! आणि मग तिचा हात तोंडाशीच थांबला.

ईस्टरच्या आधी? ईस्टरला, म्हणजे मार्च-एप्रिलात, या देशात ब्लॅकबेरीच्या काट्यांवर धड पानही नसतं.

तिनं टोस्ट खाली ठेवला. चांगल्या जागी ठेवलीत, तरी धरत नाहीत. दक्षिणेच्या खिडकीतून उचलून कुंड्या उत्तरेच्या खिडकीत नेऊन ठेवणारी, आणि त्या जागेला चांगली म्हणणारी बाई. काही विसरलात तर वर बघा. अर्सुलानं खिडकीतून वर पाहिलं. सूर्य पूर्वेकडून दक्षिणेकडे निघाला होता, रोजच्यासारखा. पण तो सगळीकडे थोडाच तसा जातो?

आयुष्यात पहिल्यांदा तिनं जेली लावलेला टोस्ट अर्धा टाकला. कोट अडकवून ती हेस्टरच्या दारात गेली आणि म्हणाली, चल. डिगरी काय म्हणेल ते मी बघते.

६

डिगरी दार अडवून उभा राहिला. पेरनला अर्सुलानं येता येता पबातून उचललं होतं, तो पिठाच्या हातांनी मागं उभा होता. हेस्टर पायरीवरच थांबली. आत पाय टाकायला तिनं मागितलंही नाही.

"इथूनच बोलते," अर्सुला म्हणाली. "लव्हडेच्या खोलीचं दार उघडं राहू दे. तिलाही ऐकू दे. केरेन्सा, ये बाहेर."

केरेन्सा हात पुसत आली, हेस्टरला पाहून मागं वळली.

"थांब. हेस्टर आली की तू दरवेळी चहा ठेवायला म्हणून उठून जातेस आणि चहा काही येत नाही, हे तिनं मला आत्ता येताना सांगितलं. बस."

ती बसली. मग अर्सुला पेरनकडे वळली.

"तू म्हणालास, करणाऱ्याला सगळं येत होतं आणि त्यानं मुद्दाम उलटं केलं. पहिलं बरोबर, दुसरं चूक. त्यानं काही उलटं केलंच नाही. नियम तंतोतंत पाळला. दुपारचा सूर्य जिथं असतो तिथं आग, जिथं तो पोचत नाही तिथं माती, आणि फेरा सूर्याच्या मागून. असा एक देश आहे जिथं दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, पेरन. तिथं लोक उन्हासाठी रोपं उत्तरेच्या खिडकीत ठेवतात. तिथं ब्लॅकबेरी ईस्टरच्या आधी पिकते. तिथं असा हिरवा दगड सापडतो ज्याला सुरी लागत नाही. आणि तिथल्या माणसाचं बोलणं आपण महिनोन् महिने ऐकतो आणि म्हणतो, लंडनचं असेल. मीसुद्धा म्हटलं. पोलिसात होते म्हणायची लाज वाटते."

 डिगरी केरेन्साकडे बघत होता.

"पूर्व-पश्चिम सगळीकडे सारख्याच, म्हणून त्या बरोबर होत्या," अर्सुला पुढं म्हणाली. "आता राहिलं एकच. लव्हडेची पद्धत जगाच्या त्या टोकाला नेली कुणी? लव्हडेनं शिकवलेलं एकच माणूस समुद्रापार गेलंय. ते बाळ घेऊन गेलं होतं. बाळ आज चाळिशीचं असेल."

कठड्याला धरून उभी असलेली हेस्टर खाली बसली. पायरीवरच बसली.

केरेन्सानं आधी लव्हडेच्या दाराकडे पाहिलं. मग तिनं सांगितलं. न्यूझीलंडला वाढली ती. वर्षभर लंडनमध्ये होती, पण तळघरातल्या खोलीत सूर्य कुठून येतो ते कुणाला कळणार. आईनं तिला लहानपणापासून दिशा बोलवायला शिकवल्या, तिकडच्या. इकडं वेगळं असतं हे आई कधी बोललीच नाही, आणि तिलाही कधी सुचलं नाही. तिच्या लेखी आग उत्तरेलाच. मरताना आईनं गळ्यातला दगड काढून दिला, लव्हडेला दे म्हणाली, तो स्वतःसाठी घ्यायचा नसतो, दुसऱ्यानं दिला तरच घालायचा. आणि तिच्याभोवती चारी दिशा बोलवून सांग, की तिनं दार उघडलं म्हणून आम्ही दोघी जगलो. म्हणून ती लंडनला येऊन या कामाला लागली आणि मुद्दाम पेनवॅरो मागून घेतलं. आता फार दिवस नाहीत असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा गुरुवारी उजाडता उजाडता तिनं ते केलं. लव्हडेला ती कोण हे तेव्हाच कळलं, ती रडली, तिचा हात धरून ठेवला. मेणबत्त्या पुऱ्या जळू द्याव्यात म्हणून केरेन्सा स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि तिचा डोळा लागला. मग डिगरी आला, शाप शाप म्हणून ओरडायला लागला, आणि नोकरी जाईल या भीतीनं ती खोटं बोलली.

"ते एक वेळ समजू शकते," अर्सुला म्हणाली. "पण आळ हेस्टरवर गेला. तेव्हा का नाही बोललीस?"

केरेन्सानं पहिल्यांदा हेस्टरकडे सरळ पाहिलं. "आई पावसात अंगणात उभी होती. पोटात मी. वर खिडकीत हिनं आईला पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. आई मरेपर्यंत ते विसरली नाही. मला वाटलं, हिलाही कळू दे दाराबाहेर उभं राहणं कसं असतं."

 हेस्टरनं डोळे पुसले, मग बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीचा करडा नव्हता.

"पडदा मीच ओढला. बाप मागं उभा होता. मी तिच्याकडे बघतेय हे त्याला दिसलं असतं तर त्यानं मला कोंडलं असतं, आणि मला मागच्या दारानं सुटायचं होतं. मी शेतातून पळत इथं आले, तुझी आई रस्त्यानं इथवर पोचायच्या आधी. लव्हडेच्या पाया पडले. म्हटलं, ती येईल, दार उघड, पण मी सांगितलं म्हणू नकोस. आमच्यातल्या कुणाचा हात आहे कळलं असतं तर टॅमसिन उंबऱ्याशी आली नसती. मानी होती. माझ्यापेक्षा मानी."

"खोटं," केरेन्सा म्हणाली.

आतून आवाज आला. लव्हडे डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर ठोकत होती. सगळे दाराशी धावले. डिगरी बाजूला झाला आणि हेस्टरला उठवायला त्यानं हात पुढं केला. तिनं तो घेतला.

लव्हडेनं पहिल्यांदा केरेन्साकडे पाहिलं आणि मान हलवली, हो, हो, असं कितीदा तरी. दोन बहिणींना दिलेली दोन वचनं तिनं चाळीस वर्षं सांभाळली होती. एकीला सांगायचं नाही दार कुणी उघडायला लावलं, दुसरीला सांगायचं नाही कुठं गेली. आता दोन्ही आपोआप सुटली होती आणि तिचा चेहरा ओझं उतरल्यासारखा दिसत होता. तिनं हात पसरला. अर्सुलाला कळलं. तिनं खिशातून दगड काढून त्या हातावर ठेवला.

लव्हडेनं तो क्षणभर मुठीत धरला. मग हेस्टरचा हात ओढला, दगड तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"दिलेलाच घ्यायचा असतो," केरेन्सा हळूच म्हणाली, आणि मग ती मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

"लव्हडे," हेस्टर म्हणाली, "आता मला बटाटे देऊ नकोस. मला बोलू दे. तू दार उघडलंस. तुझे फार उपकार आहेत गं."

लव्हडेनं बोलू दिलं. अर्सुलानंही मग पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून महिनाभराच्या बटाट्यांबद्दलचं राहिलेलं बोलून घेतलं, सगळ्यांसमोर, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

७

मंडळ त्या संध्याकाळी शेतात बसलं नाही, लव्हडेच्या खोलीत बसलं. पेरननं हेस्टरची माफी मागितली, चारचौघांत, सुपाच्या मोठ्या भांड्यासकट. सूप चांगलं होतं आणि हेस्टरनं तसं कबूलही केलं. उत्तरेला कोण उभं राहणार यावर तो स्वतःच म्हणाला, दोघींनी राहावं. म्हणून उत्तरेला हेस्टर हिरवी मेणबत्ती घेऊन उभी राहिली आणि तिच्या शेजारी केरेन्सा लाल. मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. डिगरी बाहेर ओट्यावर बसून राहिला, पण दार उघडं ठेवून.

लव्हडे पुढच्या आठवड्यात गेली, दुपारी, उन्हात, हेस्टरच्या हातात हात देऊन. शेवटच्या दिवसांत त्या खोलीतून बोलण्याचा आवाज थांबला नव्हता. टॅमसिन कशी हसायची, कशी रागवायची, न्यूझीलंडच्या घरामागं किती झाडं होती, सगळं केरेन्सानं सांगितलं आणि दोन म्हाताऱ्यांनी ऐकलं.

लव्हडेला पुरून आल्यावर सगळे स्वयंपाकघरात जमले. अर्सुला चहा करत होती. काय करावं ते न सुचून केरेन्सानं झारी भरली आणि टोमॅटोच्या त्या केविलवाण्या कुंड्यांकडे निघाली. हेस्टर उठली. गळ्यातला हिरवा दगड सावरत, दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक करत तिनं सगळ्या कुंड्या उचलल्या आणि समोरच्या खिडकीत नेऊन ठेवल्या. मग भाचीच्या हातातली झारी काढून घेतली.

"इकडं ऊन या बाजूनं येतं, पोरी," ती म्हणाली. "राहशील तसं कळेल."